आधी दोरी, मग दूध

किटली खाली ठेवली की ती आधी आमची दोरी बघायची. दोरी म्हणजे अंगणातली, कपडे वाळत घालायची. पेरूच्या झाडापासून गेटच्या खांबापर्यंत ताणलेली ही निळी नायलॉनची दोरी मी कितीतरी वर्षं वापरते आहे, पण तिच्याकडे बघत उभं राहावं असं तिच्यात काही आहे, हे मला कधी वाटलं नव्हतं. ही बाई मात्र रोज सकाळी मला पातेलं घेऊन ताटकळत ठेवायची आणि एक हात कमरेवर घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी दोरी डोळ्यांखालून घालायची. मग माप किटलीत बुडवायची आणि दूध ओतता ओतता म्हणायची,

"जावई आल्ते का, बाई?"

"आले होते. कालच गेले. तुला कोणी सांगितलं?"

"कोण सांगतंय. न्हाई, आपलं इच्यारलं."

"न्हाई, आपलं इच्यारलं" हे तिचं ठरलेलं वाक्य. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. नेमकं वर्मावर बोट ठेवतात आणि मग बोट चुकून लागल्यासारखं मागे घेतात. शेजारच्या सरांनी दारू सोडली हे तिला त्यांच्या बायकोआधी कळलं होतं. त्यांच्या दोरीवर सकाळी सकाळी वाळत पडणारी चादर बंद झाली, एवढ्यावरून.

तिचं नाव मी इथं लिहीत नाही. तिला आवडायचं नाही हे एक कारण. दुसरं कारण जरा लाजेचं आहे. पहिली आठ वर्षं ते मलाच माहीत नव्हतं. माझ्या मोबाईलमध्ये ती 'दूध' होती. तिच्या वर 'दळण' आणि खाली 'धोबी'.

उंच, वाळकी, पायाला कायम नदीचा चिखल. माहेर-सासर दोन्हीकडे मेंढरं. बाप मेंढरांमागं गावोगाव फिरला, नवरा मात्र जाफराबादला नदीपलीकडं स्थिरावला. थोडी कपाशी, थोडं सोयाबीन, दोन म्हशी आणि एक तांबडी गाय. पूल ओलांडून रोज सहाच्या सुमाराला ती गावात यायची. माझ्याच वयाची, एखाद्या वर्षाने मोठी असेल, पण मी तिला 'तू' म्हणायची आणि ती मला 'तुमी'. हे दोघींनाही बरोबर वाटायचं.

आता सांगते ती गोष्ट माझ्या तरुणपणातली आहे. म्हणजे मी तेव्हा एकसष्ट वर्षांची होते. हसू नका. सत्तरीत आल्यावर एकसष्टची बाई फारच कोवळी दिसायला लागते, आणि अकलेनं तर होतीच. पोस्टातून निवृत्त होऊन वर्ष झालेलं. तीस वर्षं काउंटरवर बसून मी शिक्के मारले होते आणि निवृत्त झाल्यावर शिक्का तेवढा ऑफिसात ठेवून आले होते, हात तसाच राहिला. समोर माणूस दिसला की मी ठप्पा मारायची. हा आळशी. ही उधळी. हिला कळत नाही. अशा त्या बाईच्या घरी, म्हणजे माझ्याकडे, तिची एकुलती एक लेक, सुजाता, पहिल्या बाळंतपणाला आली. हे जाऊन चार वर्षं झाली होती, जावई पुण्याला नोकरीत. त्यामुळे घरात सत्ता माझी एकटीची.

मुलगी झाली. पावणेतीन किलोची, डोक्यावर भरपूर जावळ. तिला आम्ही मनू म्हणायला लागलो. आणि मी बाळंतिणीचं वेळापत्रक तयार केलं. मनीऑर्डरच्या जुन्या फॉर्मच्या पाठीवर लिहून ते स्वयंपाकघरात चिकटवलं. सकाळी हाळीवाची खीर. दहाला शतावरी घालून पेलाभर दूध. जेवणात दुधात कुस्करलेली बाजरीची भाकरी, वर तूप. चारला खसखशीची खीर. झोपताना हळददूध. मधल्या रिकाम्या जागा पेढ्यांनी भरलेल्या.

दूधवालीला सांगितलं, रोजच्या एक लिटरवर आणखी दोन. तेही गायीचं, वेगळ्या भांड्यात.

"येवढं, बाई?"

"अगं, आईच्या पोटात दूध गेलं तरच बाळाला दूध येणार."

तिनं आमच्या पातेल्याकडं बघितलं. "आमची गाय तर कडबा खाती," ती म्हणाली. "न्हाई, आपलं इच्यारलं."

मला राग आला होता. आता ते वाक्य आठवलं की मी एकटीच हसते.

तिसऱ्या आठवड्यात मनू बिघडली. बिघडली म्हणजे ताप नाही, सर्दी नाही. फक्त दूध प्यायची वेळ झाली की तिचं युद्ध सुरू व्हायचं. भुकेनं तोंड इकडे तिकडे फिरवायची, आधाशासारखी छातीला लागायची, चार-पाच घोट घ्यायची आणि मग एकदम कुणीतरी आतून चिमटा काढल्यासारखी मागे व्हायची. पाठीची कमान, मुठी आवळलेल्या, चेहरा लालभडक. अशी किंचाळायची की पेरूवरचे पोपट उडायचे. रडून थकली की पुन्हा भूक, पुन्हा तोंड शोधायचं, पुन्हा चार घोट, पुन्हा कमान. दिवसातून दहा वेळा. मनूचं पिणं संपायचं तेव्हा माझ्या लेकीच्या पदरावर दुधापेक्षा तिच्या स्वतःच्या डोळ्यांतलं पाणीच जास्त असायचं.

"आई," एकदा सुजाता म्हणाली, "तिला माझं दूध आवडत नाही."

यावर कुठल्याही आईनं काय करावं? लेकीच्या पाठीवरून हात फिरवावा. मी काय केलं ते सांगते. मी म्हणाले, "आवडायला ते काय हॉटेल आहे? तुला नीट पाजता येत नाही. आमच्या वेळेला नाही बाई असली थेरं." आणि तिच्या हळददुधाचा पेला भरून आणला. काठोकाठ. तिनं तो डोळे मिटून संपवला. बिचारी माझ्या धाकात वाढलेली.

दृष्ट काढली. वेखंड उगाळलं. ओव्याची पुरचुंडी करून पोट शेकलं. इथल्या दवाखान्यात दाखवलं. त्यांनी विचारलं, शी कशी होते? सुजाता तोंड उघडणार तेवढ्यात मी सांगून टाकलं, "छान होते." डॉक्टरांनी गॅसचे थेंब दिले. मी जे सांगितलं त्यावर कुणीही तेच दिलं असतं.

छान होत नव्हती. आमच्यात बाळंतिणीनं सव्वा महिना पाण्यात हात घालायचा नाही. त्यामुळे लंगोट बदलायचे मी, धुवायचे मी. हिरवट, बुळबुळीत असायचं, आणि त्यात कधी कधी लाल धाग्यासारखं काहीतरी. मला दिसत नव्हतं असं नाही. मी ते साबणानं खसाखसा घासायची, नीळ घालायची आणि दोरीवर टाकायची. घरात सगळं ठीक आहे हे दाखवायला शुभ्र लंगोटांइतकं चांगलं काही नाही, असं मला वाटायचं. पण रक्ताचा डाग निळीला बधत नाही. फिकट तपकिरी होतो आणि राहतो.

त्या सकाळी किटली खाली ठेवून ती दोरीसमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. मग गेटच्या बाजूचा एक लंगोट दोन बोटांत धरून उन्हाकडं केला.

"ह्ये कशाचं हाय, बाई?"

"लाल ब्लाउजचा रंग गेला."

"चार लंगोटांवर?"

"चार लंगोटांवर गेला. तुला दूध घालायचं आहे की नाही?"

तिनं दूध घातलं. जाताना एवढंच, "लेकराच्या अंगाखालचा एक लंगोट दावता का मला? न धुतलेला." आणि मग तिचं ते वाक्य.

मी जे बोलले ते सगळं लिहीत नाही. पोस्टात तीस वर्षं लोकांची भांडणं ऐकलेली बाई भांडायला लागली की शब्दांना तोटा नसतो. माझ्या घरातले मळके लंगोट बघायला तुला ठेवलेलं नाही, असा साधारण आशय. ती ऐकून घेत होती. तेवढ्यात आतून मनूची किंकाळी आली. पाजायची वेळ झाली होती.

ती किटली तिथंच टाकून सरळ आत गेली. आठ वर्षांत तिनं आमचा उंबरा ओलांडला नव्हता. मी मागोमाग. सुजाता भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर कमान झालेली मनू. ही समोर जमिनीवर उकिडवी बसली. नुसतं बघितलं. चार घोट, कमान, किंकाळी. पुन्हा चार घोट. मग ती सुजाताला म्हणाली,

"तुहं काय चुकून न्हाई राह्यलं, पोरी. लेकरू भुकेलं हाय अन् त्याला दुखून राह्यलंय. दोन्ही संगंच. मंग ते काय करंल?"

महिनाभरात माझ्या लेकीला "तुझं काही चुकत नाही" असं सांगणारं ते पहिलं माणूस. सुजाता ढसाढसा रडायला लागली. मी दारात उभी होते. मला वाटलं, आता हिनं माझ्या पोरीलाही रडवलं.

मग तिनं सांगितलं. तिच्या धाकट्या सुनेचं पहिलं पोर असंच करायचं. कमान, रडणं, लंगोटात रक्ताचा धागा. जालन्याला लहान मुलांच्या डॉक्टरला दाखवलं तर त्यांनी आईचं दूध बंद केलं. म्हणजे आई पाजायची ते नाही, आई प्यायची ते. "दूधवाल्याच्या घरात सून बिनदुधाची. सगळी वस्ती हसली आमाला. पण लेकरू बरं झालं."

आणि उठताना माझ्याकडं वळून म्हणाली, "बाई, उद्यापून तुमच्याकडं दूध न्हाई घालणार मी. लेकराला डाक्टरला दावा. ते म्हणलं पाजा, तर मी दुसऱ्या दिवशी चार लिटर घालते."

विचार करा. दूध विकून जगणारी बाई, गावातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, आणि दूध घालणार नाही म्हणते. कुठल्याही शहाण्या माणसाला एवढं ऐकून धक्का बसला असता. मी काय केलं? दुसऱ्या दिवशी बसस्टँडजवळच्या दुकानातून पिशवीचं दूध आणलं. दोन लिटर. तिच्या नाकावर टिच्चून. येताना मुद्दाम ती पुलावरून येते त्या वाटेनं आले, पिशव्या दिसतील अशा हातात धरून. ती खरंच समोरून आली. पिशव्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. काही विचारलं नाही. तिनं काही न विचारणं यासारखं वाईट दुसरं नव्हतं.

तीन दिवस मी पिशवीच्या दुधाची खीर केली. चौथ्या दिवशी अंगणवाडीत मनूचं वजन केलं. ताईंनी काटा दोनदा बघितला. पंधरा दिवसांत वजन वाढलं नव्हतं, उलट थोडं उतरलं होतं. त्या दुपारी मनू रडली नाही. छातीला लावलं तर तोंड फिरवून झोपून गेली. पुन्हा लावलं, पुन्हा तोंड फिरवलं. इतके दिवस मी त्या रडण्याला कंटाळले होते. ती रडायची थांबली आणि मला तेच रडणं हवंसं वाटलं.

सुजाता उठली. मनूला माझ्या हातात दिलं, स्वयंपाकघरात गेली, भिंतीवरचं वेळापत्रक काढून चुलीजवळच्या केराच्या डब्यात टाकलं. म्हणाली, "आई, त्या मावशींना फोन लाव."

मी 'दूध' लावलं.

अर्ध्या तासात ती काळी-पिवळी जीप थेट गेटपर्यंत घेऊन आली. जीप भरल्याशिवाय न हलणारा ड्रायव्हर तिनं कसा हलवला कोण जाणे. मागच्या सीटवर सुजाता, मांडीवर मनू, शेजारी ती, आणि मी समोर उलटी बसलेली. लागेल म्हणून मी मनूची फाईल, जन्माचा दाखला, लसीचं कार्ड, सुजाताचं आधारकार्ड अशी थैली भरून घेतली होती. जीपमध्ये बसण्याआधी तिनं फक्त विचारलं होतं, "आजचा लंगोट कुठंय?" मी धुवायला टाकला होता. ती न्हाणीत गेली, बादलीत न भिजलेला एक शोधला, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून घेतला.

"हे कशाला?"

"डाक्टर रिपोट मागत्यात न. ह्यो रिपोट."

जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी माझी थैली बाजूला ठेवली आणि ती पिशवी उघडून बघितली. मनूला तपासलं, पोट दाबलं, तोंडात बघितलं. मग सुजाताला विचारलं, तुम्ही दिवसभरात काय काय खाता? सुजातानं माझ्याकडं न बघता वेळापत्रक पाठ म्हणून दाखवलं. हाळीव, शतावरी, दूधभाकरी, खसखस, हळद, पेढे. ती म्हणत होती आणि मी खुर्चीत लहान लहान होत होते.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. आईचं दूध उत्तम आहे, ते थांबवायचं नाही. पण आई गायी-म्हशीचं जे दूध घेते त्याचा अंश त्यात उतरतो, आणि या बाळाच्या आतड्यांना तो सोसत नाही. आतून सोलपटल्यासारखं होतं, म्हणून पिताना दुखतं. रडणाऱ्या प्रत्येक बाळाचं असं नसतं, पण हिचं तसं दिसतंय. दूध, दही, ताक, तूप, पेढे, बिस्किटंसुद्धा बंद. फरक पडायला दोन-तीन आठवडे लागतील. दर आठवड्याला वजनाला या. आणि मग सहज विचारलं, "हे लंगोटातलं लवकर लक्षात आलं ते बरं झालं. कुणाच्या लक्षात आलं?"

मी म्हणाले, "आमच्या."

हे मी नऊ वर्षांनी लिहिते आहे आणि अजून माझे कान गरम होतात. 'आमच्या.' ती भिंतीशी उभी होती, रिकामी पिशवी घडी करत. तिनं मान वरसुद्धा केली नाही. बाहेर आल्यावर रसवंतीत तिनं तीन रस सांगितले आणि माझ्या हातात पेला देताना म्हणाली, "बर्फ न्हाई टाकला, बाई. आमच्या घश्याला सोसत न्हाई." तो 'आमच्या' तिनं असा काही म्हटला की रस माझ्या नाकात गेला.

फरक पटकन पडला नाही. पहिले आठ दिवस तर मनू तशीच. मला रोज वाटायचं, गेलं सगळं वाया, पोरगी उपाशी ठेवली. सुजाता मात्र हटली नाही. कोरी भाकरी, शेवग्याचा पाला, तिळाची चटणी, वरण. मनूला उभं धरून पाजायची, थोडं थोडं, थांबत थांबत. "दुखतंय ना? थांबू या," असं तिच्याशी बोलायची. मी तिच्या खोलीत जायच्या आधी दारावर टकटक करायला शिकले.

आणि ती रोज यायची. किटलीशिवाय. पहिल्या दिवशी मला कळेना.

"अगं, दूध बंद आहे ना आपलं?"

"दूध कुठं आणलंय. दोरी बघाया आले."

मीही आता लंगोट घासून काढत नव्हते. डाग असला तर डागासकट, गेटच्या बाजूलाच वाळत घालायची, तिला लांबून दिसावा म्हणून. ती यायची, लंगोट उन्हाकडं करायची, एक एक. "कालच्यापरीस कमी हाय." नाहीतर नुसती मान हलवायची आणि पुढच्या घरी जायची. त्या दिवसांत आमच्या दोरीसारखी खरं बोलणारी वस्तू जाफराबादेत दुसरी नसेल.

एक गोष्ट कबूल करायची राहिली. लेकीचं दूध बंद झालं तसं मीही जाहीर केलं होतं की घरात दुधाचा थेंब येणार नाही, मीही कोरा चहा पिईन. माझी ही प्रतिज्ञा चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी भाजी आणायला म्हणून निघाले आणि पूल ओलांडून तिच्या दारात जाऊन उभी राहिले. ती गोठ्यात शेण भरत होती. मला बघून घाबरली.

"काय झालं लेकराला?"

"लेकराला काही नाही. मला चहा दे. दुधाचा. सुजाताला सांगू नको."

ती इतकी हसली की तिला टोपली खाली ठेवावी लागली. मग म्हशीच्या दुधाचा, बोटभर साय येईल असा चहा तिनं केला. शेजारणीनं कुंपणापलीकडून तिला नावानं हाक मारली, तेव्हा मला ते नाव कळलं. चांगलं नाव आहे. घरी येऊन मी मोबाईलमधलं 'दूध' बदललं. ती दळण आणि धोब्याच्या मधून निघाली आणि वर, माझ्या बहिणीच्या शेजारी गेली.

तो चहा पिताना मी तिला विचारलं, ही दोरी बघायची सवय कुठली?

म्हणाली, लहानपणाची. बापाच्या मेंढरांमागं फिरायचो. रोज नवं गाव, नवी वेस. प्यायला पाणी मागायचं तर कुणाच्या दारात जायचं? काही ठिकाणी कुत्री सोडायचे अंगावर. तर माझी आय वेशीवरूनच घरं बघायची. ज्या दोरीवर लंगोट वाळत असतील त्या घरी मला पाठवायची. "ती म्हणायची, लेकुरवाळी बाई पाण्याला न्हाई म्हणत न्हाई. ज्या घरी लहान लेकरू, त्या घरात कुणीतरी दुसऱ्याचं रडणं ऐकाया शिकलेलं असतंय."

मी कपात बघत बसले. माझ्या दोरीवर वीस लंगोट होते, आणि मी तिच्यावर काय सोडलं होतं ते आम्हा दोघींना आठवत होतं. तिनं माझ्या कपात आणखी चहा ओतला.

"आता गप पी तू," ती म्हणाली. "निवतोय."

त्या दिवसापासून मी तिला 'तू' झाले. परत 'तुमी' झाले नाही.

सोळाव्या की सतराव्या दिवशी ती गेटपाशी आली तेव्हा दोरीवरचे सगळे लंगोट स्वच्छ होते. मी काही बोलले नाही, तिनं स्वतः बघावं म्हणून. ती बघतच होती तेवढ्यात आतून आवाज आला. आवाज म्हणजे काय, नुसतं गिळणं. गुटुक, गुटुक, गुटुक. मध्ये श्वास, पुन्हा गुटुक. कमान नाही, किंकाळी नाही. आम्ही दोघी अंगणात उभ्या राहून ते ऐकत होतो. किती वेळ, माहीत नाही. पेरूवर पोपट बसलेले होते आणि उडाले नाहीत. ती डोळ्याला पदर लावून हळूच म्हणाली, "बराबर पेऊन राह्यलंय," आणि पुढच्या घरी निघून गेली.

मनू दीड वर्षाची झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता थोडं थोडं दूध देऊन बघा. तो पहिला चमचा तिच्याच गायीचा. वाटीभर घेऊन ती स्वतः आली आणि मनूच्या समोर उकिडवी बसली, अगदी त्या पहिल्या दिवशीसारखी. मनूनं चमचा चाटला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "नको." आजही तिला दूध आवडत नाही. आवडायला ते काय हॉटेल आहे, असं मी आता म्हणत नाही.

पुढं तिच्या नजरेनं दगा दिला. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, डॉक्टर म्हणाले. थोडे दिवस सूनच किटली घेऊन यायची. मग नवरा गेला, म्हशी विकल्या, आणि वडीगोद्रीला हायवेवर नाष्ट्याचं हॉटेल चालवणाऱ्या मोठ्या मुलानं तिला तिकडं न्यायचं ठरवलं.

निघायच्या दिवशी ती आली. गेल्या उन्हाळ्यात, मे महिन्यात. मुलगा गेटबाहेर मोटारसायकल चालू ठेवून उभा होता. ती गेटचा खांब चाचपत आत आली, दोरीसमोर उभी राहिली, एक हात कमरेवर. चेहरा दोरीकडं, पण डोळे कुठंतरी भलतीकडं.

"काय काय हाय गं दोरीवर?"

मी पेरूच्या बाजूनं सुरुवात केली. "माझी दोन पातळं. एक टॉवेल. सुजाताचा पंजाबी ड्रेस, हिरवा. जावयांची पँट. मनूचा फ्रॉक, पिवळा. तिचेच मोजे, एकच जोडी, एक मोजा कुठं गेला सापडत नाही."

"एकच जोडी म्हणती अन् एक मोजा न्हाई म्हणती," ती म्हणाली. "म्हंजे एकच मोजा हाय."

"एकच मोजा आहे."

"फ्रॉक केवढा?"

मी फ्रॉक काढून तिच्या हातात दिला. तिनं खांद्यापासून घेरापर्यंत बोटं फिरवली, वीतभर मोजला, पुन्हा मोजला.

"लई मोठी झाली की गं."

"झाली."

"डाग हाय का कुठं?"

"आहे. आंब्याचा."

मान हलवून तिनं फ्रॉक माझ्या खांद्यावर टाकला. "न्हाई, आपलं इच्यारलं," ती म्हणाली, आणि मुलाच्या हाकेच्या दिशेनं चाचपत गेली.

आता दूध पिशवीतून येतं. दुकानातला मुलगा गेटला अडकवून जातो, त्याला आत बघायला वेळ नसतो. सुजाता मनूला घेऊन सुट्टीत येते तेव्हा मी धुणं वाळत घालते आणि सुजाता मला हसते. म्हणते, आई, मोठे कपडे गेटच्या बाजूला घाल ना, तिकडं ऊन जास्त आहे. मी ऐकत नाही. मनूचे कपडे मी गेटच्या बाजूलाच घालते, रस्त्यावरून दिसतील असे. तो आंब्याचा डाग अजून गेलेला नाही. मी काढायचा प्रयत्नही केलेला नाही.